वाडा पाडायच्या आधीची नोंद: हातात तीन आठवडे, सुरुवात कुठून?

घाटपायरी (धागाकर्ता)

वाई तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात दोनचौकी (दोन अंगणांचा) वाडा आहे. अक्षय्यतृतीया झाली की पाडकाम सुरू. परवानगी झालेली आहे, चारही हिस्सेदार नोंद करू द्यायला राजी आहेत. वाडा वाचवायचा विषय आता संपलाय, तेव्हा कृपया धागा तिकडे नेऊ नका.

पुढचा चौक: दगडी जोतं, सागाचे सुरुदार (सुरूच्या झाडासारखे कोरलेले) खांब, वर कडीपाट (कड्या आणि फळ्यांचं छत). मागचा चौक: मातीच्या भिंती, माडी अर्धी बसलेली. दिंडीदरवाजावरच्या दगडी पट्टीवर एक ओळ कोरलीय, तिच्यावर ऑइलपेंट फासलाय. नदीकडच्या भिंतीवर पुराच्या रेघा आहेत.

माणसं तीन. एक डीएसएलआर, एक लेझर टेप, एक आयफोन प्रो. आयफोननं थेट थ्रीडी स्कॅन करून मोकळं व्हावं असा एक विचार आहे. बरोबर का?

---

तळखडा

नाही. स्कॅन शेवटी.

स्कॅनमध्ये भिंत दिसते. ती आधी बांधली की नंतर घातली, हे तुम्हाला बघून ठरवावं लागतं आणि कागदावर लिहावं लागतं. पहिला दिवस कॅमेरा पिशवीतच ठेवा. तिघांनी मिळून वाडा फिरा आणि हातानं कच्चा आराखडा काढा, मापाशिवाय. प्रत्येक खोलीला नंबर द्या: तळमजला त-१, त-२, माडी म-१, म-२. जिन्याला, बोळाला, संडासालासुद्धा नंबर. खोलीतल्या भिंतींना उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं अ, आ, इ, ई. एकदा दिलेला नंबर शेवटपर्यंत बदलायचा नाही. मधेच नवी खोली सापडली तर तिला पुढचा नंबर द्या, जुने सरकवू नका. फोटो, मापं, लाकडं, खापरं सगळं याच नंबरावर टांगायचंय, म्हणून एवढं बजावतोय.

होकाराचा कागद मात्र त्याच्याही आधी. एकाच पानावर चारही हिस्सेदारांच्या सह्या: आत यायला, फोटो काढायला, नोंदीची प्रत संग्रहात ठेवायला हरकत नाही. तोंडी होकार पाडकामाच्या दिवशी कुणाच्याच लक्षात राहत नाही. हे फोटो वाटणीच्या दाव्यात वापरले जातील अशी धास्ती बऱ्याच घरांत असते. तसं होणार नाही ही ओळही त्यात घाला.

पुढच्या दिवशी फोटो. खोलीमागे किमान दहा: चार भिंती समोरून, चार कोपऱ्यांतून तिरके, एक जमीन, एक छत. छतासाठी कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवून टायमर लावा, कडीपाट सरळ मिळतो. फ्लॅश नको, तिवई हवी, फाइल रॉमध्ये. प्रत्येक फोटोत मापकाठी. विकतची नसेल तर दोन मीटरचा पीव्हीसी पाइप घ्या आणि त्यावर दर २० सेंमीला लाल-पांढरी टेप गुंडाळा. काठी भिंतीला टेकलेली हवी. पुढे धरलेली काठी खोटं माप दाखवते.

फोटोवहीत नंबर, खोली, भिंत, तारीख आणि कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला होतं ते. इथे हमखास घोळ होतो. दक्षिणेची दर्शनी बाजू उत्तरेकडे तोंड करून टिपली जाते. नुसतं 'दक्षिण' लिहिलं तर वर्षभरानं कुणालाच काही कळत नाही.

---

ओळंबा

तळखडा यांच्याशी सहमत. मापांचं मी सांगतो.

प्रमाण १:५०. त्यात १८ मीटरचा वाडा ३६ सेंमीत बसतो, म्हणजे ए-३ कागद पुरतो. दरवाजे, खांब, महिरपी १:१० ला. कागदापेक्षा पॉलिएस्टरची ड्राफ्टिंग फिल्म बरी, घामानं फुगत नाही. पेन्सिल २एच.

मापं तुकड्यातुकड्यानं घेऊ नका. भिंतीच्या एका टोकाला शून्य धरून टेप सलग पसरा आणि वाचत जा: ०.४२ कोनाडा सुरू, ०.९० कोनाडा संपला, १.६५ दाराची चौकट. सुटी मापं बेरजेत चुका वाढवत नेतात. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घ्या. जुन्या वाड्यात काटकोन शोधून सापडत नाही, कर्णाशिवाय काढलेली खोली कागदावर चौकोनी होते आणि शेजारचीत घुसते.

लेझर टेपमध्ये माप यंत्राच्या मागच्या टोकापासून धरायचं की पुढच्या, याची सोय असते. ती चुकून बदलली तर यंत्राच्या लांबीएवढी, साधारण १०-१२ सेंमीची चूक दिवसभर सगळ्या मापांत बसते. सकाळी आणि जेवणानंतर एक ठरलेलं अंतर स्टीलच्या टेपनं ताडून बघा. कापडी टेप नको, ताणतो.

उंचीसाठी पाण्याची पारदर्शक नळी, गवंड्याकडची. पंधरा मीटर पुरे. सगळ्यात खालच्या उंबऱ्यापासून एक मीटर वर रेघ धरा आणि ती नळीनं प्रत्येक खोलीत नेऊन पेन्सिलीची खूण करा. जमीन, छत, कोनाडा, सगळ्या उंच्या या रेघेपासून वर किंवा खाली. नळीत बुडबुडा राहिला तर माप गेलं. नळीचं एक टोक उन्हात आणि एक सावलीत असेल तरी पाणी फसवतं.

आणि हे विसरू नका: ही शून्याची रेघ वाड्याबाहेरच्या टिकणाऱ्या गोष्टीला बांधून ठेवा. देवळाचं जोतं, घाटाची वरची पायरी, काहीही. वाडा गेला की शून्यही जाईल, मग पायाच्या खड्ड्यात सापडलेल्या गोष्टीची खोली कशापासून मोजणार?

---

घाटपायरी

दोन दिवस काम झालं. एक कोडं पडलंय. मागच्या चौकाची पूर्व-पश्चिम लांबी बाहेरून १७.८० मी. आतल्या चार खोल्या ३.१०, ४.२०, ३.१० आणि २.०५. भिंती पाच, दारांत मोजलेली जाडी ८० सेंमी. जुळत नाहीये.

---

ओळंबा

खोल्यांची बेरीज १२.४५, भिंती ४.००, एकूण १६.४५. म्हणजे १.३५ मीटर गायब. एवढी चूक टेपची नसते.

सगळ्या भिंतींना दार आहे का? ज्या भिंतीला दार नाही तिची जाडी तुम्ही गृहीत धरलीय. तीच २.१५ मीटरची निघेल. एवढ्या जाडीत भिंतीतला जिना मावतो किंवा बळद (भिंतीतलं धान्याचं कोठार) मावतं. माडीवरून त्या जागी वाकून बघा: फळीचं झाकण, वेगळ्या दिशेच्या कड्या, सारवणातला भेगेचा चौकोन. बळद असेल तर वरून धान्य ओतायचं तोंड असतं आणि खाली काढायचं भोक. खालचं भोक पुष्कळदा लिंपलेलं असतं, मुठीनं ठोकत गेलात तर आवाज बदलेल.

बंद बळदात किंवा पेवात (जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात) लगेच डोकं घालू नका. कुबट हवेत माणूस काही कळायच्या आत पडतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही पडतो. एक दिवस उघडं ठेवा, आतले फोटो काठीला मोबाईल बांधून काढा.

---

घाटपायरी

बळदच! माडीवर फळी होती. पश्चिमेची बाहेरची भिंत, तिलाच दार नव्हतं. धन्यवाद.

---

कडीपाट

लाकडाचं सांगतो, कारण पाडकामात पहिलं लाकूड जातं. जुन्या लाकडाचा व्यापारी सौदा करून ठेवतो आणि सकाळी ट्रक उभा राहतो.

प्रत्येक खांबाला, हस्ताला (खांबावरच्या कोरीव आधाराला), तुळईला नंबर: खोली, ओळ, जागा. खडूनं नाही. खडू पहिल्या फरफटीत पुसला जातो. ॲल्युमिनियमच्या पत्र्याच्या चिपेवर नंबर ठोकून ती एका चुकेनं न दिसणाऱ्या बाजूला मारा. कोरलेल्या खांबाचं माप दर २० सेंमीला घेर आणि रुंदी असं घ्या. नक्षीची कड गवंडी किंवा टाइल्सवाल्याकडच्या दातेरी फणीनं, म्हणजे प्रोफाइल गेजनं, कागदावर उतरवा. केळफूल (केळीच्या फुलासारखं कोरलेलं लाकूड) आणि हस्त १:५ ला.

खरी माहिती मात्र सांधे सुटताना मिळते. खांबाचं कुसू (खाचेत बसणारं निमुळतं टोक) तुळईतल्या खाचेतून बाहेर आलं की त्यावर सुताराच्या खुणा असू शकतात: उभ्या रेघा, फुल्या, मोडी आकडे. चौकट जमिनीवर जुळवून मग उभी केल्याच्या त्या खुणा. लाकूड उतरवतील त्या दोन-तीन दिवसांत एक माणूस फक्त यासाठी ठेवा. रिकाम्या खाचाही बघा. ज्या तुळईच्या खाचेत आज काहीच बसत नाही ती दुसऱ्या इमारतीतून आलेली असते किंवा तिथली एक कडी नंतर काढलेली असते. वाड्याचं वय एका तुळईवरून ठरवू नका. जुनं लाकूड पुन्हा वापरायची रीत जुनीच आहे.

कापून टाकणार असतील अशा तुळईच्या टोकाची ५ सेंमी जाड चकती मागून घ्या, साल किंवा सालीलगतचा फिकट भाग असलेली. सागाला वर्षावलयं पडतात, पण बाहेरचं वलय तासून गेलेलं असेल तर झाड कधी तोडलं ते कळत नाही.

कौलांबद्दल एक. मंगलोरी कौलाच्या पाठीवर बासेल मिशनचा छाप आणि १८६५ दिसलं की लोक छप्पर १८६५ चं म्हणून मोकळे होतात. ते कारखाना सुरू झाल्याचं साल आहे. कौल पुष्कळ नंतरचंही असू शकतं.

---

मोडीचा मारा

ऑइलपेंट काढायला थिनर, तारेचा ब्रश, ॲसिड काही लावू नका. अक्षरांत पीठ, चुना, खडूही भरायचा नाही. पीठ भरणारा माणूस आपलं वाचन त्या अक्षरांत भरतो, मग फोटोत दगड राहत नाही, त्याचं मत राहतं.

रात्री जा. कॅमेरा तिवईवर, पट्टीच्या अगदी समोर. एकानं बॅटरी दगडाला जवळजवळ टेकवून धरायची, १०-१५ अंशांचा तिरका उजेड. शटर दोन-तीन सेकंद उघडं. डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि चार तिरक्या बाजूंनी, असे आठ फोटो, कॅमेरा न हलवता. डावीकडच्या उजेडात उभे दंड दिसतात, वरच्या उजेडात शिरोरेघ आणि मात्रा. रंग फार जाड नसेल तर त्याच्या खालूनही अक्षर उठतं.

---

घाटपायरी

रात्री आठ फोटो काढले. 'शके १६९' इथपर्यंत नक्की, शेवटचा आकडा फुटलाय. पुढे 'विकृती नाम संवछरे' वाचता येतंय.

---

मोडीचा मारा

मग सुटलं. संवत्सरांचं चक्र साठ वर्षांचं, त्यामुळे १६९० ते १६९९ मध्ये विकृती एकदाच येतो: शके १६९२. त्यात ७८ मिळवा, इ.स. १७७०. मिती पौषाच्या उत्तरार्धातली, माघाची किंवा फाल्गुनाची असेल तर ७९, कारण इंग्रजी साल मधेच बदलतं. दशकाचा आकडा फुटला असता तर १६३२ आणि १६९२ दोन्ही बसले असते.

घरात मोडी कागद निघाले तर त्यांवर बहुधा शके नसेल, सुहूर सन (जुन्या दप्तरांतली अरबी आकड्यांची कालगणना) असेल, तोही शब्दांत. 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार: ११७१. त्यात ५९९ मिळवले की १७७०. हे वर्ष मृगापासून मृगापर्यंत, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला ६०० मिळवायचे. कागद उन्हात वाळवू नका, टेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. गठ्ठ्यातला क्रम आहे तसा ठेवून फोटो काढा.

हे साल पट्टीचं, वाड्याचं नव्हे. पट्टी आजूबाजूच्या चिऱ्यांत सलग बसलीय की फोडून बसवलीय ते सांध्यांवरून बघा.

---

कोकणकडा

अवांतर विचारतो. आमच्याकडे गुहागर बाजूला किनाऱ्यावरच्या गावातही हेच चाललंय, पण भिंती जांभ्याच्या. वरची पद्धत तशीच चालेल का?

---

तळखडा

मापं आणि नंबर तसेच. फरक दोन. जांभ्याच्या चिऱ्यावर ताशीव हत्याराच्या खुणा असतात, त्यांचे फोटो तिरक्या उजेडात घ्या. हातानं काढलेला चिरा आणि यंत्रानं कापलेला चिरा यात भिंतीचा नवा-जुना भाग लगेच कळतो. दुसरं म्हणजे चुना. किनाऱ्याला शिंपल्यांचा चुना वापरत, दर्जात (चिऱ्यांमधल्या सांध्यातल्या चुन्यात) शिंपल्याचे न जळलेले तुकडे दिसतात. घाटावर चुनखडीचा. म्हणून दर्जाचा नमुना दोन्हीकडे ठेवाच: पाया, जोतं, भिंत, गिलावा अशा चार ठिकाणचा, मूठभर, वरचा खरवडून आतला. वेगळ्या पिशव्या, पिशवीच्या आतही चिठ्ठी. बाहेरची शाई पुसते.

बाकी जांभ्यासाठी वेगळा धागा काढा, तो विषय मोठा आहे.

---

पांढरीतला

सगळे जोत्याच्या वरचं बोलताहेत. माझ्या मते निम्मा वाडा खाली आहे.

जुनं गावठाण म्हणजे पांढर. शेकडो वर्षांची घरं पडून, राख-शेण-खापरं मुरून झालेला राखाडी मातीचा थर. कृष्णाकाठी तर नक्कीच बघायला हवं. कऱ्हाडचं नाव भरहूतच्या लेखांत येतं, म्हणजे या नदीवरची वस्ती दोन हजार वर्षांमागे जाते. वाड्याच्या जागी होणाऱ्या नव्या इमारतीला तळघर किंवा पार्किंग असेल तर पोकलेन ही पांढर दोन दिवसांत उपसून नेईल, आणि माती कुणाच्या तरी शेतात पडेल.

तुम्ही उत्खनन करू शकत नाही, त्याला परवाना लागतो. पण बिल्डर पाया खणतोच आहे. त्या खड्ड्याच्या बाजू बघायला, फोटो काढायला, मोजायला त्याची संमती पुरते. त्याच्याशी आधी तीन गोष्टी ठरवा. वाडा असेल तेवढ्या जागेत बकेटच्या दातांवर पट्टी मारून घ्यायची, म्हणजे माती ओरबाडली न जाता सपाट तासली जाते. एका वेळी १०-१५ सेंमीच खाली जायचं. आणि रोज संध्याकाळी एक तास खड्डा तुमचा. हा तास कामगारांच्या सुट्टीनंतर मिळत असेल तर उत्तम, मधे मिळाला तर घाई होते.

त्या तासात खड्ड्याची एक बाजू थापीनं उभी साफ करा. वरून खाली, माती ओलसर असताना. वाळली की सगळे थर एकाच रंगाचे दिसतात. साफ केल्यावर थरांच्या कडा थापीच्या टोकानं हलक्या ओरखडून घ्या, नंबर द्या, काठी ठेवून फोटो, मग १:२० चं रेखाटन. वाड्याचा पाया ज्या चरात घातला ती चर थरांना कापत जाताना दिसेल. चर ज्या थरांना कापते ते वाड्याआधीचे, चरीवर जे पसरलेत ते नंतरचे. चरीतल्या भरावात सापडलेली खापरं वाड्याच्या वयाची नसतात, वाडा त्यांच्या आधीचा नाही एवढंच ती सांगतात. ही गल्लत सर्रास होते.

थरागणिक एक पिशवी. विटा मोजा: हातभर लांब, जाडजूड वीट आली तर ती वाड्याची नव्हे, फार खालची आहे. पेशवाईतली वीट चपटी आणि लहान असते. आग्नेय कोपरा आणि मुख्य उंबऱ्याखालची जागा हळू खणायला सांगा. वास्तुशांतीत पुरलेलं भांडं आग्नेयेला असायची शक्यता जास्त. पायरीचे, न्हाणीचे, गोठ्याचे दगड उलटून बघा. वीरगळ आणि सतीशिळा (वीरांच्या आणि सतींच्या स्मरणाचे कोरीव दगड) पालथ्या घालून वापरलेल्या असतात.

आणि पैशाचं. जमिनीत दडवलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची कुठलीही वस्तू सापडली तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. चार शिवराई नाणी असली तरी. हे हिस्सेदारांना आणि मुकादमाला आधीच सांगून ठेवा. फोटो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, दुसऱ्या रात्री खड्डा कुणीतरी 'हंडा' शोधायला उकरून ठेवेल.

---

कडीपाट

कायद्यावरून आठवलं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात इमारतीपासून सुटी केलेली शंभर वर्षांहून जुनी वस्तूही येते. व्यापाऱ्याला पुरावशेषांचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती परदेशी पाठवता येत नाही. हिस्सेदारांनी कोरलेले खांब विकण्याआधी पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात विचारून घेतलेलं बरं.

---

हरिपूरकर

पुराच्या रेघांबद्दल कुणी बोललं नाही. त्या सोडू नका. आमच्याकडे सांगलीत २००५, २०१९, २०२१ च्या खुणा घरोघरी आहेत, पण त्याआधीच्या फार थोड्या उरल्यात.

रंगवलेली रेघ आणि गाळाचा डाग या दोन वेगळ्या गोष्टी. रेघ माणसानं पाणी उतरल्यावर आठवून मारलेली असू शकते, डाग पाण्यानं स्वतः मारलेला. दोन्ही वेगवेगळे मोजा, एकाच भिंतीवर दोन-तीन जागी. ओळंबा यांनी सांगितलेल्या रेघेपासून उंची घ्या आणि ती घाटाच्या पायरीला जोडा. मातीच्या भिंतीत ओल पाण्याच्या पातळीच्या बरीच वर चढते, गिलावा जिथून सुटलाय ती पातळी म्हणून लिहू नका.

भेगाही अशाच नोंदवा. सातारा-पाटण-कऱ्हाड पट्ट्यात ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर पुष्कळ वाड्यांना लोखंडी ताण आणि सिमेंटचे पट्टे बसले. ते दिसले तर बाकीच्या दुरुस्त्या त्याआधीच्या की नंतरच्या हे लावता येतं.

---

घाटपायरी

उद्यापासून स्कॅन. आता तरी करू ना? 😀

---

ओळंबा

करा. आयफोनचा लायडार (लेझरनं अंतर मोजणारा सेन्सर) पाचेक मीटरपर्यंतच बरा. लांब ओसरीत एका टोकाकडून दुसऱ्याकडे चालत गेलात तर भिंत हळूहळू वाकते. खोली-खोली वेगळी घ्या आणि जिथून सुरू केलं तिथेच येऊन थांबा.

पुढच्या चौकाचं दर्शनी काम डीएसएलआरनं, फोटोंवरून मॉडेल. झूम टेपनं चिकटवून टाका, फोकस आणि उजेडाची सेटिंग हातानं पक्की. लगतच्या दोन फोटोंत ७०-८० टक्के भाग सारखा हवा. एकाच जागी उभं राहून कॅमेरा फिरवू नका, प्रत्येक फोटोला बाजूला सरका. ढगाळ वेळ किंवा सूर्य वर यायच्या आधी. चुना दिलेल्या कोऱ्या भिंतीवर सॉफ्टवेअरला धरायला काही सापडत नाही, तिथे वर्तमानपत्राचे तुकडे मास्किंग टेपनं लावा. निदान तीन मापं मॉडेलमध्ये घाला आणि चौथं ताडायला राखून ठेवा. मेशरूम किंवा वेबओडीएम फुकट आहेत.

---

तळखडा

टेप लावण्याआधी एक काम. देवघर, माजघर आणि माडीवरच्या दिवाणखान्यात चुन्याखाली चित्रं आहेत का ते बघून घ्या. मेणवलीचा वाडा आणि वाईची मोतीबाग तुमच्या शेजारीच आहेत, दोन्हीकडे भित्तिचित्रं आहेत, म्हणून शंका घ्यायला जागा आहे. डोळ्याच्या उंचीला आणि कोनाड्याच्या वर, सर्जिकल ब्लेडनं २ × २ सेंमीची खिडकी, एकेक थर वेगळा उघडत. रंग लागला की थांबा. पाणी, रॉकेल, कांदा चोळू नका. त्या भिंतीला टेप नाही, आणि संवर्धकाला बोलवेपर्यंत ती भिंत शेवटी पाडायची असं मुकादमाकडून कबूल करून घ्या.

---

घाटपायरी

देवघराच्या पूर्व भिंतीवर, चुन्याच्या चौथ्या थराखाली, गेरूची एक वळणदार रेघ आणि हिरव्याचा ठिपका. थांबलोय. मुकादम म्हणतो देवघर सगळ्यात शेवटी घेतो, पण मागच्या माडीचा भार त्याच भिंतीवर आहे.

---

ओळंबा

मग आधी माडी उतरवून घ्यायची, कौलं, वासे, कड्या या क्रमानं, हातानं. जेसीबी त्या बाजूला आणायचा नाही, नुसत्या हादऱ्यानं गिलावा सुटेल. वरचं छप्पर गेलं की भिंतीच्या माथ्यावर ताडपत्री, दोन्हीकडे हातभर लोंबती, पण भिंतीला चिकटलेली नको. वळवाची एक सर मातीच्या भिंतीला पुरते.